संभाजीनगरहून एका दिवसात त्रिरश्मी लेणी आणि वाइनरी: गाडी, गाइड, वेळेची आखणी

देवगिरीची_पायरी
मंडळी, नेमकी माहिती हवी आहे. पाहुणे सहा जण, त्यांतले दोघे साठीच्या पुढचे, आणि एक बारा वर्षांचा मुलगा. वेरूळ आणि अजिंठ्याचे दोन दिवस ठरलेत. तिसऱ्या दिवशी जुने काहीतरी बघणे आणि वाइनरी, दोन्ही एकत्र हवे आहे. खाजगी गाडी, जाणता गाइड, रात्री मुक्कामाला परत संभाजीनगर. सकाळी वेरूळ करून दुपारी नाशिकची वाइनरी जमेल का? महिना फेब्रुवारी.

शिलालेख_वेडा
वेरूळ आणि नाशिक एका दिवसात नको. चौतीस लेण्यांपैकी निवडक सात-आठ बघायची म्हटली तरी चार तास जातात. तिथून निघून नाशिकला पोहोचेपर्यंत चार वाजतात, आणि वाइनरीतल्या शेवटच्या फेरीला धावतपळत शिरावे लागते. दोन्हींचे नुकसान.

त्यापेक्षा तिसऱ्या दिवसाचा विषयच वेगळा ठेवा: सातवाहन. राजधानी आपले पैठण, आणि त्या घराण्याचे सगळ्यात महत्त्वाचे लेख नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तिथे. एकूण २४ लेणी. नीट बघायला अडीच तास पुरतात. आणि वाइनरीशी त्यांचा संबंध ओढूनताणून आणावा लागत नाही. तिथल्या लेखांत 'गोवर्धन' हे ठिकाण पुन्हा पुन्हा येते. ते म्हणजे गंगापूर धरणाच्या वाटेवरचे आजचे गोवर्धन. सुला वाइनरीचा पत्ता याच गोवर्धन गावचा आहे, आणि यॉर्क, सोमा या वाइनऱ्या त्याच रस्त्याला पुढे गंगावऱ्हे बाजूला. सकाळी भिंतीवर जे नाव वाचले, दुपारी त्याच गावात बसून जेवायचे.

पिवळी_पाटी
गाडीचं मी सांगतो. जाऊन-येऊन, शहरातलं फिरणं धरून चारशे ते सव्वाचारशे किलोमीटर होतात. बाहेरगावच्या भाड्याला गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, त्यामुळं इथं तुम्ही किमानाच्या वर जाता आणि खऱ्या किलोमीटरचे पैसे लागतात. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: किलोमीटर कुठून मोजणार (गॅरेजपासून की तुमच्या दारापासून), टोल आणि पार्किंग कुणाकडं, ड्रायव्हरचा भत्ता किती, आणि रात्री दहानंतर जादा काय. भांडणं होतात ती गॅरेजच्या किलोमीटरवरून.

नंबरप्लेट पिवळीच पाहिजे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते. सहा पाहुणे, गाइड आणि ड्रायव्हर मिळून आठ. आठ सीटच्या इनोव्हात बसतात, पण मागच्या ओळीत साठीच्या माणसाला दोन तास बसवू नका, गुडघे छातीला लागतात. टेम्पो ट्रॅव्हलर घ्या किंवा गाइडला पुढं बसवून मुलाला मागं घ्या.

रस्ता: समृद्धीनं माळीवाड्याला चढायचं, गोंदेला उतरायचं, सिन्नरहून नाशिक. वैजापूर-येवला-निफाड हा जुना रस्ता टोल वाचवतो, पण फेब्रुवारीत निफाड-लासलगावकडं कांदा आणि द्राक्षांचे ट्रॅक्टर लागलेले असतात. सकाळी तिकडं अडकलात की पुढचं सगळं कोलमडतं.

शिलालेख_वेडा
गोंदेला उतरणार असाल तर सिन्नरचे गोंदेश्वर वाटेतच आहे. पाऊण तास द्याच. काळ्या दगडातले पंचायतन आहे: मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे. शिखर भूमिज धाटणीचे, म्हणजे मोठ्या शिखराच्या अंगावर लहान शिखरांच्या ओळी वर वर चढत जातात. यादव देवगिरीला येण्याआधी सिन्नर हे त्यांचे ठाणे होते, त्यामुळे आदल्या दिवशी दौलताबाद बघितलेल्या पाहुण्यांना हा धागा पटकन कळतो. तिकीट नाही. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर ऊन तिरपे असते आणि कोरीवकाम उठून दिसते. अकरा वाजता तोच दगड सपाट वाटतो.

पैठणची_वाट
गोंदेश्वरला +१.
पण वाइनचाच विषय आहे तर मराठवाडा का सोडायचा? पैठण आणि तेर ही दोन्ही नावे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी टिपणात आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर. भडोचला जो माल उतरायचा त्याच्या यादीत वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला पसंती असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. तेरच्या शासकीय संग्रहालयात त्या काळचा इतका माल आहे की दीड तास कमी पडतो. हस्तिदंती बाहुली तर बघितलीच पाहिजे, इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची ती जवळची बहीण शोभते.

शिलालेख_वेडा
पैठणची_वाट, तेर सगळ्यांनी बघावे, यात वाद नाही. पण तो दिवस धाराशिव-तुळजापूर बाजूचा आहे. त्याला वाइनरी जोडता येत नाही. आपल्याकडे द्राक्षे भरपूर, जालन्याचे कडवंची त्यासाठी नावाजलेले आहे, पण ती खायची द्राक्षे.

आणखी एक काळजी. गाइड मंडळी खापराचा कुठलाही जाड तुकडा दाखवून 'ही रोमन दारूची सुरई' असे सांगतात. भारतात सापडलेल्या अशा खापरांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा त्यांतली पुष्कळशी रोमन अँफोराची नसून इराण-इराकच्या बाजूच्या 'टॉर्पेडो' रांजणांची निघाली. ओळखायची साधी खूण: टॉर्पेडो रांजणाला आतून डांबराचा काळा लेप असतो आणि बूड निमुळते असते, त्याला कान नसतात. अँफोराला गळ्याशी दोन कान. संग्रहालयात कपाटासमोर उभे राहिलात की आधी खापराची आतली बाजू बघा.

देवगिरीची_पायरी
त्रिरश्मी पक्के. गाइड इथून न्यावा की नाशिकला घ्यावा? आणि वार कुठला?

लेणीमित्र
वार मंगळवार. मंगळवारी वेरूळ बंद असते, त्यामुळे संभाजीनगरचे चांगले गाइड आणि गाड्या त्या दिवशी मोकळ्या सापडतात. शनिवार-रविवारी वाइनऱ्यांमध्ये मुंबई-पुण्याची गर्दी असते. फेरीत पंचवीस-तीस माणसे घेतात आणि मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही.

गाइड इथूनच न्या. पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला रिजनल लेव्हल गाइड नाशिकलाही चालतो. त्यांचे दर माणसांच्या गटावर असतात: १ ते ५, ६ ते १४ आणि पुढे. तुम्ही सहा, म्हणजे दुसऱ्या गटात. अर्धा दिवस की पूर्ण दिवस, बाहेरगावचा भत्ता वेगळा, आणि इंग्रजीशिवाय दुसरी परदेशी भाषा हवी असेल तर तिचा भत्ता वेगळा. हे फोनवरच बोलून घ्या. ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'दहा नंबरच्या लेण्यात नहपानाच्या जावयाने किती पैसे कुणाकडे ठेवले?' ज्याला हे सांगता येते तो लेणे वाचून दाखवेल. ज्याला येत नाही तो पांडवांच्या गोष्टी सांगेल.

कोकिळा_व
मग सांगा ना किती ठेवले ते. आम्हालाही वाचायला आवडेल.

लेणीमित्र
ताई, सांगतो. उषवदात (ऋषभदत्त) हा नहपानाचा, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या शक राजाचा (क्षत्रपाचा) जावई. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशेब करून बघा: २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा बरोबर २४०. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा ठेवीचा कागद दगडात आहे आणि आकडा तंतोतंत जुळतो. पाहुण्यांपैकी कुणी बँकेतले असेल तर त्या भिंतीसमोरून हलत नाही.

क्रम असा ठेवा: आधी १०, मग ३. दहा नंबर नहपानाच्या घराण्याचे. तीन नंबर त्यानंतरचे, नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे, गौतमी बलश्रीचे. नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी तिने दिलेल्या दानाचा लेख ओसरीत आहे आणि त्यात मुलाच्या पराक्रमाचे वर्णन आहे. दोन्ही लेण्यांचा आराखडा जवळजवळ सारखा. हरलेल्याचे लेणे आधी बघितले की जिंकलेल्याने त्याच्याशी कशी बरोबरी केली ते डोळ्यांना दिसते. दहाच्या खांबांवर कोरलेल्या घंटा उंच आणि रेखीव, तीनच्या बसक्या. तीनच्या ओसरीखाली सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया घेऊन उभे आहेत, जणू सगळे लेणेच पालखीसारखे उचललेय. जमिनीतून अर्धे वर आलेले ते खांदे बघायला खाली वाकावे लागते, बहुतेक लोक तसेच पुढे निघून जातात. दहाच्या मागच्या भिंतीवर मुळात स्तूप होता, नंतर कुणीतरी त्याचा भैरव कोरला. तीनमध्ये त्या जागी स्तूप अजून शाबूत आहे.

मग १८ नंबरचे चैत्यगृह (स्तूप असलेले प्रार्थनागृह) आणि जमल्यास २०. बाकी चालता चालता.

शिलालेख_वेडा
यात एक भर. नहपानाच्या पराभवाचा पुरावा नाण्यांतही आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतली नऊ हजारांहून अधिक गौतमीपुत्राने नहपानाच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारलेली. एकाच नाण्यावर दोन्ही राजे. गाइडला त्याचा छापील फोटो बरोबर ठेवायला सांगा, लेण्यात मोबाइलला रेंज असेलच असे नाही.

बॅटरी मात्र विसरू नका. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला आहेत, थेट ऊन कमी येते. लेखावर समोरून उजेड मारला तर अक्षरे पुसल्यासारखी होतात. बॅटरी भिंतीला जवळपास टेकवून बाजूने मारा, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि ब्राह्मी लिपी स्वच्छ वाचता येते. खडूने, पाण्याने किंवा बोटाने अक्षर गिरवू नका, कुणी गिरवत असेल तर थांबवा.

कोकिळा_व
साठीच्या दोघांचे काय? चढ किती?

लेणीमित्र
पायऱ्या दोनशेच्या आसपास, बांधलेल्या आहेत. सावकाश वीस-पंचवीस मिनिटे. मध्ये दोनदा बसायचे. वर गेल्यावर लेणी एका रांगेत आहेत, फार चढउतार नाही. त्रास उतरताना होतो, कारण दगड गुळगुळीत आहेत. चामडी तळाची चप्पल नको. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना काठी द्या आणि उतरताना आडवे पाऊल टाकायला सांगा. भारतीयांना तिकीट २५ रुपये, परदेशी पाहुण्यांना ३००, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. ऑनलाइन आधीच काढून त्याचा फोटो ठेवा.

खुंटावरची_द्राक्षं
आता बागेकडे वळू. फेब्रुवारी निवडलात हे फार चांगले. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यातून घड येतो. गोडी छाटणीनंतर जातीप्रमाणे चार-साडेचार महिन्यांनी तोडणी, म्हणजे जानेवारी ते मार्च. या काळातच वेलीवर घड, ट्रॉलीत माल आणि आत क्रशर (द्राक्षे चिरडणारे यंत्र) चालू, हे तिन्ही एका दिवशी दिसते. पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण घड नसतो आणि टाक्याही शांत असतात.

पाहुण्यांना वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकायला सांगा (आधी विचारून, आणि त्या दिवशी फवारणी झालेली नाही याची खात्री करून). खायच्या द्राक्षाला जिब्रेलिक आम्ल देऊन मणी फुगवतात. वाइनच्या द्राक्षाला देत नाहीत. मणी हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत बी, आणि गोडी खूप जास्त. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचे यंत्र) खायचे द्राक्ष १६-१८ ब्रिक्सला (साखरेचे माप) तोडतात, वाइनचे २० ते २४ ला. ही साखरच यीस्ट खाते आणि तिचा अल्कोहोल होतो. जाड साल हवी, कारण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो, गर जवळपास बिनरंगी असतो. मणी बोटांत चिरडून दाखवला की लहान मुलालाही हे कळते.

आत गेल्यावर बघायचे ते: देठ वेगळे करणारे यंत्र, मग प्रेस. व्हाइटला रस आधी काढून घेतात आणि साधारण १२ ते १८ अंशांवर सावकाश आंबवतात. थंड ठेवले नाही तर फळाचा वास उडून जातो. रेडला सालीसकट आणि जास्त ऊबेत, २५-२८ अंशांच्या आसपास. साली वर तरंगून थर धरतात, तो थर दिवसातून दोन-तीनदा भिजवावा लागतो, नाहीतर वाळून आंबट होतो. 'थर कधी भिजवता?' असे आधीच विचारून त्या वेळेला फेरी मागा. खाजगी गटाला हे सहसा जुळवून देतात.

सावधगिरी: चालू टाकीच्या तोंडावर कुणी वाकून वास घेऊ नये, मुलाने तर नाहीच. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीत आणि जमिनीलगत साचतो. एका श्वासात घेरी येते.

देवगिरीची_पायरी
खूपच कामाचे. तीन वाइनरी करायचा विचार होता, एकाच रस्त्याला आहेत म्हणून.

खुंटावरची_द्राक्षं
एकच करा. फार तर दोन, आणि दुसरीत फक्त बसायचे. प्रत्येक ठिकाणी फेरी तीच: क्रशर, टाक्या, पिंपे. दुसऱ्या फेरीला लोक घड्याळ बघतात. चवीच्या सत्रात पाच-सहा वाइन थोड्या थोड्या देतात. चौथ्या-पाचव्यानंतर जीभ थकते आणि सगळे सारखे लागते.

क्रम व्हाइट, रोझे (गुलाबी वाइन), रेड, शेवटी गोड. उलटा केला तर रेडचा तुरटपणा जिभेवर बसतो आणि पुढची व्हाइट पाण्यासारखी लागते. त्या दिवशी अत्तर नको. पान, वेलची, पुदिन्याची गोळी सत्राआधी तासभर नको. थुंकायचे भांडे मागून घ्या, ते मागण्यात कमीपणा नाही, जाणकार तसेच करतात. प्रत्येक घोटामागे एक घोट पाणी.

कोकिळा_व
जेवण आधी की नंतर?

खुंटावरची_द्राक्षं
आधी. रिकाम्या पोटी नकोच. पण त्या जेवणात नाशिकची झणझणीत मिसळ किंवा काळ्या मसाल्याची भाजी नको. तिखटाने जीभ पेटलेली असली की रेडचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जळजळीत लागतात. वरण-भात, पनीर, साधी पोळी ठीक. मिसळ खायचीच असेल तर सकाळी नऊला लेण्यांआधी. आणि तिखट जेवणाबरोबर घ्यायचीच असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन, ती निभावून नेते.

पिवळी_पाटी
तारीख ठरवताना ड्राय डे बघा. २६ जानेवारीला सुट्टी म्हणून लोक गाड्या बुक करायलेत आणि तिथं गेल्यावर ग्लास मिळत नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तसेच. निवडणूक असली तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद. जिल्हाधिकाऱ्यांचे स्थानिक आदेश वेगळे निघतात, म्हणून दोन दिवस आधी वाइनरीला फोन करून विचाराच. वाइनला वय २१ पूर्ण लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि ड्रायव्हर. त्याला कुणीही, कितीही प्रेमानं, 'एक घोट घे' म्हणायचं नाही. कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट, समृद्धी सरळ रस्ता आहे. डोळा लागायला दारू लागत नाही, दमलेला माणूस पुरेसा आहे. सकाळी साडेपाचला निघून रात्री साडेआठला परत म्हणजे त्याचे पंधरा तास. तुम्ही वाइनरीत असताना त्याला दोन तास झोपायला सावलीची जागा द्या. 'इथंच थांब, पाच मिनिटात येतो' असं सांगून त्याला अडकवू नका.

निघायच्या आधी थंड टायरला दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा भरलेली आहे का बघा. काँक्रीटवर वेगानं चालताना कमी हवेचं टायर जास्त दबतं, तापतं आणि फुटतं. घासलेलं टायर असंल तर गाडीच बदलून मागा.

लेणीमित्र
पंधरा तासांबद्दल पूर्ण सहमत. साठीच्या पाहुण्यांनाही ते जड जाते. माझे स्पष्ट मत: बजेट असेल तर नाशिकला मुक्काम करा. नसेल तर गोंदेश्वर गाळा आणि सकाळी साडेसहाला निघा. लेणी दहा ते साडेबारा, दीड वाजता जेवण, अडीच ते साडेचार वाइनरी, पावणेपाचला गाडी हललीच पाहिजे. नाशिकच्या द्वारका चौकात सहानंतर अर्धा-पाऊण तास सहज जातो.

शिलालेख_वेडा
गोंदेश्वर गाळण्याचे वाईट वाटते, पण माणसे दमून लेण्यात बसून राहिली तर काय उपयोग. गाळा. लेख मात्र वाचून घ्या.

देवगिरीची_पायरी
ठरले. मंगळवार, साडेसहा, एक वाइनरी. शेवटचे दोन प्रश्न: मुलाचे काय करायचे, आणि बाटल्या घेतल्या तर परत येईपर्यंत खराब होणार नाहीत ना?

खुंटावरची_द्राक्षं
मुलाला बाग आणि टाक्यांची फेरी करता येते, चवीच्या टेबलावर नाही. त्याच्यासाठी ज्यूस आहे का ते आधी विचारा आणि त्याच्या तिकिटाचेही आधीच बोलून घ्या, नाहीतर मोठ्या माणसाचे तिकीट कापले जाते.

बाटल्या निघतानाच घ्या, आल्या आल्या घेऊन डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ऊब फार चढते. वाइन फुगून बूच वर सरकते, कडेने पाझरते आणि चव उकडलेल्या फळासारखी होते. थर्माकोलचा डबा न्या, त्यात बर्फाच्या दोन बंद पिशव्या आणि वर ओले गोणपाट. बाटल्या बसायच्या जागेत पायाशी ठेवा, तिथे एसी पोहोचतो. बिल जपून ठेवा, वाटेत विचारले तर दाखवावे लागते. बुचाच्या बाटल्या घरी आडव्या, फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. आणि दुसऱ्याच दिवशी उघडू नका, प्रवासात घुसळलेल्या वाइनला आठवडाभर स्वस्थ पडू द्या. व्हाइट प्यायच्या आधी दोन तास फ्रिजमध्ये. रेड आपल्याकडे मार्चमध्ये खोलीच्या तापमानाला गरम लागते, तिलाही वीस मिनिटे फ्रिज दाखवा.